आपली चेष्टा

बऱ्हाणपुरातल्या कुठल्याही मराठी घरात जा आणि विचारा, गावात शुद्ध मराठी कोण बोलतं? उत्तर एकच मिळेल: आम्ही. बाकीचे सगळे म्हणे बिघडले. आणि हे सांगता सांगता घरची बाई आतल्या मुलावर ओरडेल, "अरे, दरवाजा खुला राहून गेला, लगावून ये!" आपण काय बोललो याची तिला गंधवार्ताही नसेल. मीही असंच बोलत आले. फक्त आमचं घराणं मूळचं वाईचं, असं मी कधी कुणाला सांगत बसले नाही.

इंग्रजांच्या अमदानीतली गोष्ट आहे. गावात मुलींची एक मराठी शाळा होती आणि मी तिथे हंगामी मास्तरीण होते. नवऱ्याने दुसरी बायको केली, तेव्हा कायद्याने त्याला कुणी अडवत नव्हतं, आणि मी भावाच्या घरी परत आले. भाऊ वाईट नव्हता. वहिनीही तोंडाने काही बोलायची नाही. फक्त माझ्या पानात भात वाढला की भांडं उचलून आत न्यायची, म्हणजे मला पुन्हा मागावं लागे. मी मागत नसे. गावातल्याच राजपुऱ्यात एका विधवा बाईच्या घरात दोन खोल्या रिकाम्या होत्या, त्या मी पाहून ठेवल्या होत्या. शाळेची कमिटी चैत्र संपता संपता माझी नोकरी कायम करणार होती. ती झाली की माझी चूल, माझा भात आणि माझ्या दाराला माझं कुलूप. त्यासाठी कमिटीतल्या सगळ्या गृहस्थांना मी वाटेत दिसतील तिथे नमस्कार करत होते, अगदी ज्यांना बघून कपाळाला आठी पडावी त्यांनासुद्धा.

कमिटीचे अध्यक्ष वकील होते. त्यांची बायको शाळेची अध्यक्ष नव्हती, पण तिला तसं कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही तिला अध्यक्षीणबाई म्हणत असू आणि तिला ते आवडे. जन्म खांडव्याचा, संसार बऱ्हाणपूरचा, नोकराचाकरांशी हिंदी, भाजीवालीशी हिंदी, आणि 'आमचं घराणं मूळचं वाईचं' हे मात्र कायम नाकावर. त्या वर्षी तिने शाळेच्या मोठ्या खोलीत चैत्रगौरीचं हळदीकुंकू ठेवलं, कारण नव्या डेप्युटीसाहेबांची बायको पाहुणी म्हणून येणार होती. हे डेप्युटीसाहेब शाळा तपासत आणि सरकारी मदत मिळणार की नाही ते त्यांच्या शेऱ्यावर ठरे. बाई अस्सल पुण्याच्या. तेव्हा सजावट झाली, आंब्याची डाळ झाली, पन्हं झालं, माठांत मोगलांच्या वेळच्या भुयारी कुंडीचं गोड पाणी भरलं, आणि मग कुणाला तरी आठवलं की करमणूक राहिली.

मधल्या सुट्टीत मी मुलींना नकला करून दाखवत असे. हे अध्यक्षीणबाईंच्या कानावर गेलं होतं. तिने मला बोलावून सांगितलं, "मास्तरीणबाई, ते तुमचं नकलांचं करा."

"एकटीनं? उभं राहून?"

"मग काय झोपून करता? सगळ्या बायकाच तर राहतील."

घरंदाज बाईने चारचौघींसमोर एकटीने उभं राहून लोकांना हसवायचं, हे गावात कुणी पाहिलं नव्हतं. गाणं चाले. गाण्याला देवाचं नाव असतं. हसवणाऱ्या बाईकडे मात्र लोक वेगळ्याच नजरेने बघत. पण नाही म्हटलं असतं तर नोकरी धोक्यात, म्हणून मी मान खाली घालून म्हणाले, "प्रयत्न करते."

हा 'प्रयत्न' पुढे मला भोवला. एवढ्या थोर पाहुणीसमोर इतका साधा शब्द उच्चारायचा, हे अध्यक्षीणबाईंना कमीपणाचं वाटलं असावं. तिने त्याला भारदस्त करायचं ठरवलं. कार्यक्रमाच्या वेळी ती शालू सावरत उभी राहिली आणि तिने जाहीर केलं, "आता आमच्या शाळेच्या मास्तरीणबाई आपली चेष्टा करतील. सर्वांनी शांतपणे बघून घ्यावं."

तिच्या मनात हिंदी होतं. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, आणि हिंदीत 'अपनी' म्हणजे ज्याची त्याची. मास्तरीणबाई आपल्या परीने प्रयत्न करतील, इतकंच त्या बिचारीला म्हणायचं होतं. गावच्या बायकांना ते तसंच ऐकू आलं आणि त्या पदर सावरून बसल्या. पण डेप्युटीणबाई आणि तिच्यासोबत आलेल्या बाहेरगावच्या तिघी अंमलदारांच्या बायका मराठी ऐकत होत्या. त्यांच्या कानांना ऐकू आलं की ही मास्तरीण आता आपल्या सगळ्यांची टिंगल करणार आहे, आणि ती गप्प बसून बघून घ्यायची आहे. डेप्युटीणबाईच्या हातातला पन्ह्याचा पेला तिथेच थांबला. माझ्या लक्षात आलं, पण मी आधीच पुढे येऊन उभी होते.

पाय कापत होते. नऊवारीचा एक फायदा असतो, पायांचं कापणं कुणाला दिसत नाही. मी बहादरपूरच्या केळीवालीपासून सुरुवात केली. गावातली एक मोठ्या घरची बाई तिच्याकडे येते, प्रत्येक केळं उचलते, दाबते, हुंगते आणि परत ठेवते. शेवटी केळीवाली म्हणते, "माय, तू केळं घेऊन राहिली का सोयरीक जमवून राहिली? घ्यायचं तं घे, मले पोरी नाहीत."

मागून एक हसली. मग तिच्या शेजारची. मग हसू पुढे पुढे येत गेलं आणि मला कळलं की ते माझ्यामुळे येतंय. इतक्या वर्षांत माझ्याकडे बघून लोकांनी च्‌ च्‌ केलं होतं, कुजबुज केली होती, उपदेश केले होते. कुणी हसलं नव्हतं, म्हणजे असं मोकळं हसलं नव्हतं. मला ते फार आवडलं. पाय कापायचे थांबले.

दुसरी नक्कल नवऱ्याची होती. कचेरीत दिवसभर साहेबापुढे वाकून घरी आलेला नवरा झोपाळ्यावर बसतो आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून गर्जतो, "माझा पानाचा डबा कुठाय?" बायको चुलीपाशी. ती न बघताच सांगते, "तुमच्या गुडघ्यापाशी." नवरा क्षणभर विचार करतो. मग त्याच आवाजात विचारतो, "कुठल्या?"

त्या 'कुठल्या'वर खोली कोसळली. एका म्हातारीला ठसका लागला. एक नवी सून तोंडात पदर कोंबून बसली होती, तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिची सासू हसत होती म्हणून तिलाही हसता आलं. मी आवाज माझ्या भावाचा काढला होता, पण त्या खोलीतल्या प्रत्येकीला तो आपल्याच घरातला वाटला.

पुढच्या सतरंजीवर मात्र सामसूम. डेप्युटीणबाईने मघाशी आंब्याची डाळ नाकाशी नेऊन वास घेऊन मगच खाल्ली होती, हे मला नंतर कुणीतरी सांगितलं. झालं. केळं हुंगणारी बाई म्हणजे आपणच, साहेबापुढे वाकणारा म्हणजे आपला नवरा, याबद्दल तिची खात्री पटली. टोपलीभर केळ्यांतून नेमकं आपलंच केळं तिने उचललं. ओटी न घेता, कुंकू न लावून घेता ती उठली आणि तिच्यामागे तिघी उठल्या. अध्यक्षीणबाई "काय झालं, काय झालं" करत दारापर्यंत धावली.

काय झालं ते तिला संध्याकाळी वकीलसाहेबांकडून कळलं. चूक कुणाची तेही तिला कळलं असणार, ती मूर्ख नव्हती. एक वाक्य बोलायचं होतं: मी हिंदीतलं चेष्टा म्हटलं. पण मग वाईचं काय? पुण्याच्या बाईसमोर आपण हिंदी बोलून गेलो हे कबूल करण्यापेक्षा एका टाकलेल्या बाईची नोकरी गेलेली तिला परवडली. "मी तर फक्त सांगितलं त्या काय करणार आहेत ते," असं म्हणून ती मोकळी झाली.

मला कमिटीपुढे बोलावलं. त्या खोलीत टेबलामागे सगळे गृहस्थ ओळीने बसले होते: मध्ये वकीलसाहेब, उजवीकडे गावातले डॉक्टर, बाकीचे व्यापारी. कार्यक्रम फक्त बायकांचा होता, तेव्हा यांतल्या एकानेही तो पाहिला नव्हता. तरी सगळ्यांची तोंडं पाहिल्यासारखी होती.

"तुम्ही पाहुण्यांची चेष्टा केलीत की नाही?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"नाही केली. अध्यक्षीणबाईंनी जे म्हटलं ते हिंदीतलं होतं. प्रयत्न अशा अर्थी."

"अशक्य. आमच्या घरात शुद्ध मराठीच बोलली जाते, यात काही शक नाही."

कुणाच्याही चेहऱ्यावरची रेष हलली नाही. मी मात्र जमिनीकडे बघत राहिले, कारण तिथे हसले असते तर राजपुऱ्याच्या खोल्या तिथल्या तिथे गेल्या असत्या.

मग डॉक्टर म्हणाले की आरोप आहे तर पुरावा बघायला हवा. मास्तरीणबाईंनी जे केलं ते जसंच्या तसं करून दाखवावं. सगळ्यांना हे एकदम न्यायाचं वाटलं. म्हणजे बायकांत केलं तो माझा गुन्हा होता, आणि तेच पुरुषांसमोर करणं ही आता माझी सुटका होती. अशा डोक्यांच्या हातात मुलींचं शिक्षण होतं.

मी केलं. टेबलासमोर हात जोडून उभी राहिले आणि केळीवालीपासून सगळं केलं. आता पाय कापत नव्हते, रागाने ताठ झाले होते. इतक्या वाईट प्रेक्षकांसमोर कुणी नकला केल्या नसतील. 'सोयरीक'वर एका व्यापाऱ्याने खोकून घेतलं. झोपाळ्यावरचा नवरा आला तेव्हा डॉक्टरांनी रुमाल काढला. आणि मी "कुठल्या?" म्हटल्यावर वकीलसाहेबच आधी फुटले. पोट धरून हसले. हसता हसता त्यांनी डॉक्टरांकडे बोट दाखवलं, डॉक्टरांनी त्यांच्याकडे. प्रत्येकाला तो आवाज शेजाऱ्याचा वाटत होता. बायकांना तो स्वतःच्या घरातला वाटला होता, एवढाच काय तो फरक.

डोळे पुसून झाल्यावर ते पुन्हा कमिटी झाले. निकाल असा: यात कुणा पाहुण्यांचा अवमान दिसत नाही, डेप्युटीसाहेबांना तसं समजावू. बाईंची नोकरी कायम करण्यात येत आहे. मात्र विनोद करणं हे शिक्षिकेला आणि एकंदर स्त्रीला शोभत नाही, तेव्हा यापुढे बाईंनी शाळेत किंवा शाळेबाहेर असला प्रकार करू नये. कबूल आहे?

मी त्या सगळ्यांकडे बघितलं. वकीलसाहेबांच्या मिशीवर हसताना आलेलं पाणी अजून होतं. मला त्या माणसांची इतकी किळस कधी आली नव्हती, आणि मला दोन खोल्या हव्या होत्या.

"कबूल," मी म्हणाले.

राजपुऱ्यात राहायला गेले. पहिल्या दिवशी भात केला आणि भांडं पानाशेजारीच ठेवलं. ते सुख खोटं नव्हतं, ते मी कुणाला कमी लेखू देणार नाही. शाळेत मुली काही दिवस मधल्या सुट्टीत माझ्याभोवती जमत आणि वाट बघत. मी त्यांना पाढे म्हणायला लावी. हळूहळू त्या जमेनाशा झाल्या.

भाद्रपदात सार्वजनिक गणपतीत डॉक्टरांचा 'विनोदी नकलांचा' कार्यक्रम जाहीर झाला. आम्ही बायका बांबूच्या चिकाच्या पडद्याआड बसलो होतो. डॉक्टर धोतराचा सोगा सावरत मंचावर आले. केळीवाली केली, ती त्यांना जमली नाही, तिची बोली त्यांच्या जिभेवर बसेना. मग झोपाळा, पानाचा डबा, चुलीपाशी बायको. "कुठल्या?" मंडप हसून हसून आडवा झाला. डॉक्टरांना हार घातला. हे त्यांना सुचतं तरी कसं, असं लोक एकमेकांना विचारत होते.

अध्यक्षीणबाई माझ्या शेजारीच बसली होती. हसून तिचं कुंकू फिसकटलं होतं. तिने माझा चेहरा बघितला आणि कोपराने मला हळूच ढोसलं.

"मास्तरीणबाई, हसा की थोडं. बाईमाणसानं इतकं रूक्ष राहू नये."

मी हसले. नोकरी नुकतीच कायम झाली होती.