जहाजाच्या पोटातून आलेले दोन ठोके

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी तोंडावर हसत आलोय. आजही हसेन. पण हे माझ्यासोबत घडलंय, म्हणून लिहितो. शिक्षण चौथी. टाइप नातीने केलंय, शब्द माझे आहेत.

आम्ही येलहंकाला राहतो. होसकोट्याच्या एका कारखान्यात मी आयुष्यभर लोखंडी टाक्या वेल्डिंग केल्या. टाकीचं झाकण लावण्याआधी बाहेरच्याने तीन ठोके द्यायचे, ही आमची पद्धत. आत कोणी राहिला असेल तर तो उत्तर देणार. तीन म्हणजे ठीक आहे, येतोय. दोन म्हणजे अडकलोय, बाहेर काढा. माणूस आत असताना मी कधी झाकण लावलं नाही… एकदाही नाही.

गेल्या डिसेंबरात मुलगा सुधीर, सूनबाई, नात चिमू आणि मी गाडीने मंगळूरहून किनाऱ्याकिनाऱ्याने वर निघालो. दीपगृह, जुनं बंदर, आणि तिसऱ्या दिवशी एक जुनं लढाऊ जहाज. वाळूवर आणून म्युझियम केलंय. गावाचं नाव लिहीत नाही.

संध्याकाळचे पाच वाजले होते. तळाच्या खोलीत उभी शिडी जाते. तिघं उतरली. "माझे गुडघे दुखतात," म्हणून मी वरच थांबलो. तिघं वर आली. गार्डने लोखंडी झाकण टाकलं, खिशातून कुलूप काढलं.

सवयीने माझा हात गेला. स्टीलच्या बाटलीने तीन ठोके दिले.

खालून आले… दोन.

"आजोबा, खाली कोणीतरी आहे!" चिमू ओरडली.

"यारू इल्ला अज्जा, टाइम आयतु," गार्ड म्हणाला. कोणी नाही, वेळ संपली.

"कोणी नाही तर वाजवलं कोणी? तुझ्या सासऱ्याने? उघड आधी!"

त्याने कुरकुरत उघडलं. सुधीर मोबाईलचा टॉर्च घेऊन उतरला. "अप्पा, रिकामी खोली आहे. दुसरं दारसुद्धा नाही." तो वर आला. झाकण पडलं. मी पुन्हा तीन दिले. थोडा वेळ काहीच नाही… मग दोन. सावकाश. दमलेल्या माणसाचे.

"मी उतरतो," मी म्हणालो.

"अप्पा, पुरे! गुडघ्यांचं तुम्हीच सांगितलंत ना? चला आता."

खरं सांगतो, गुडघे नडले नाहीत. पाय शिडीवर ठेवायची हिंमत झाली नाही. घरात हे कोणाला बोललो नाही… चिमूला आज टाइप करताना कळतंय. गार्डने कुलूप घातलं आणि मी ते घालू दिलं. जहाजावरून उतरायच्या गँगवेपर्यंत ऐकू येत होतं — दोन… दोन… चिमूने माझा हात सोडला नाही.

सुधीर इंजिनियर आहे. म्हणतो, उन्हात तापलेलं लोखंड संध्याकाळी थंड होताना वाजतं. वाजतं, मला शिकवू नये. मी उभा जन्म तो आवाज ऐकलाय. पण थंड होणारं लोखंड आधी आपलं ऐकून घेत नाही, मग उत्तर देत नाही.

आत कोण होतं, मला माहीत नाही. मी त्याला तिथे ठेवून आलो, एवढं माहीत आहे.