ग्यानीरामभाऊंच्या लेथची बोंब

आमच्या गल्लीत कोणाच्याही घरी जेवायला बसा, पोळीवर बारीक बारीक वळ दिसतील. दोष आमच्या बायकांचा नाही. दोष ग्यानीराम राहांगडाल्यांच्या बेलनांचा, म्हणजे लाटण्यांचा आहे.

ग्यानीरामभाऊ जन्मभर राईस मिलमध्ये फिटर होते. रिटायर झाल्यावर माणूस जरा देवाधर्माला लागतो, यांनी घरच्या छपरीत लाकूड कातायची लेथ बसवली आणि गल्लीभरासाठी बेलनं कातायला घेतली. मोटर भंगारातली, पट्टा चक्कीवाल्याने टाकून दिलेला आणि बेअरिंग एका मेलेल्या थ्रेशरची. ती बेअरिंग डगडगायची, म्हणून बेलनांवर वळ उठायचे, आणि बोंबलायची तर अशी की आमच्या नागऱ्याच्या महादेवाला आलेले भक्त गल्लीच्या तोंडाशी थांबून विचारायचे, "इथं कोणाले काही झालं का?"

मी त्यांच्या अगदी समोर राहतो. टीव्हीवरच्या बातम्या मी कित्येक वर्षं नुसत्या पाहिल्या. खिडकीतून रोज दिसायचं ते असं, की छपरीत लाकूड कातताना भाऊंचे ओठ हलतायत आणि आत चुलीपाशी त्यांच्या बायकोचे, रुक्माकाकूंचे. मला वाटायचं, भाऊ गाणं म्हणतात आणि काकू जप करतात. काय भोळा होतो मी!

मग एक दिवस त्यांच्या लेकीचा, हर्षिताचा फोन आला आणि काकूंना त्यातलं अक्षर ऐकू आलं नाही. आपण आजी होणार, ही बातमी हर्षिताने मग माझ्या बायकोला सांगितली आणि काकूंना ती तिच्याकडून कळली. काकू तरातरा छपरीत गेल्या आणि त्यांनी मेन स्विच खाली ओढला.

"मशीन चूप करा, नाई तं मी भावाकडं वारासिवनीले चालली. मंग वापस येनार नाई."

भाऊ खरंच घाबरले. काकू घरात नसल्या की या माणसाच्या घशाखाली घास उतरत नाही, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. त्यांनी लेथच्या पायांखाली लाकडाच्या चिपा ठोकून ती समतल केली. बोंब तशीच. मोटरचे नट आवळले, पट्टा बदलला. बोंब तशीच. शेवटी बेलनाचं एक टोक मशीनला आणि दुसरं कानाला लावून डॉक्टरसारखे बसले आणि निदान केलं की रोग बेअरिंगमध्येच आहे. गोंदियाला जाऊन नवी बेअरिंग आणली, लाकडी हातोड्याने ठोकून जुनी काढली, ती उकिरड्यावर भिरकावली आणि नवी बसवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊंनी स्विच दाबला. मशीन फिरतेय आणि आवाज नाही! लाकडाचा कीस खाली पडतो तेवढी खसखस. सगळी गल्ली ओट्यावर आली. भाऊंनी पहिलंच बेलन असं उतरवलं की त्यावर एक वळ सापडेना.

तेवढ्यात चुलीपाशी काकू सवयीप्रमाणे बोलल्या, "लाकूड गोंजारनं बरं जमते बुढ्याले. बायकोले विचाराचं म्हटलं का जीभ झडते."

आणि भाऊ, हातातल्या पटाशीवरची नजर न काढता, तितक्याच सवयीने म्हणाले, "जा ना मंग वारासिवनीले. आठ दिस कान तरी थंड राहातीन."

दोघांनी ऐकलं. आम्हीही ऐकलं. भाऊंनी मशीन बंद केली. इतकी वर्षं ही दोघं त्या बोंबेच्या आड मनसोक्त भांडत होती, आणि त्यावरच तो संसार सुखाने चालला होता, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं.

दुपारी काकू बॅग घेऊन ओट्यावर येऊन बसल्या. ऑटो सांगून झाला होता. भाऊ छपरीच्या दारात उभे, पण तोंड उघडायची त्यांना दहशतच बसली होती. शेवटी मीच रस्ता ओलांडून गेलो.

"काकू, रागात निघालं त्यांच्या तोंडातून."

"रागात नाई निघालं," काकू म्हणाल्या, "सवयीनं निघालं. त्याच्यानंच तं जास्त लागलं."

तेवढ्यात वानरं आली. त्या बोंबेच्या धाकाने इतकी वर्षं आमच्या गल्लीकडे न फिरकलेली सगळी टोळी एकदम छपरांच्या कवेलूंवर उतरली. काकूंच्या कोहळ्याच्या वड्या अंगणात खाटेवर वाळत होत्या. बॅग तिथेच टाकून काकू काठी घेऊन धावल्या, आणि एका थोराड वानराने नेमकी बॅगच उचलली व ते छपरीवर जाऊन बसलं.

त्याने चेन ओढली, जशी काही रोजची सवय आहे. कंगवा फेकला. लुगडं फेकलं. मग कापडात बांधलेलं एक गाठोडं काढलं, चावून पाहिलं, तोंड वाकडं केलं आणि खाली सोडून दिलं.

ते भाऊंच्या पायाशी ठण्णकन पडलं. गाठ सुटली. आत थ्रेशरची जुनी बेअरिंग, रॉकेलने स्वच्छ पुसलेली.

"हे तं मी उकिरड्यावर फेकलो होतो," भाऊ म्हणाले.

काकूंचा चेहरा लाल झाला. "काय पाहून राहिले? भावाच्या त्या चूप घरात मले करमन का?"

भाऊंनी बेअरिंग उचलली. हातात फिरवली. मग सगळ्या गल्लीदेखत, मशीन बंद असताना, मोठ्याने म्हणाले, "तुझ्याबिगर मले बी नाई करमत वो."

ऑटोवाला आला, हॉर्न वाजवून वाजवून दमला आणि रिकामाच गेला. मी मात्र वानराच्या मागे धावून काकूंची बॅग सोडवली, याचं कोणाला काही नाही!

संध्याकाळच्या आत जुनी बेअरिंग परत बसली. पहिल्या बोंबेसरशी वानरं शेजारच्या गल्लीत पळाली. तिथल्यांचं तिथले बघतील. ते एकुलतं एक बिनवळाचं बेलन काकूंनी वानरं हाकलायला दाराशी ठेवलंय. आमच्या पोळीवर वळ आहेत ते आहेतच.

मी पुन्हा बातम्या नुसत्या पाहतो. समोर भाऊंचे ओठ हलतात, काकूंचे हलतात. काय बोलतात ते मला अजूनही ऐकू येत नाही. पण परवा भाऊ काहीतरी पुटपुटले तशा काकू मध्येच थांबल्या, पदर तोंडाला लावून हसल्या आणि ओठांनीच काहीतरी उलट म्हणाल्या. छपरीत भाऊंची मान चटकन वर आली.