फुटीची चिठ्ठी

आमच्या रसायनशास्त्र विभागात गेली पस्तीस वर्षं काच फारशी फुटतच नाही. निदान कागदावर तरी. दरवर्षी चारशे पोरं-पोरी प्रयोगशाळेत येतात. कुणी आयुष्यात पहिल्यांदा ब्युरेट धरलेली, कुणी परीक्षेनं गांगरलेली, कुणी समोरच्या टेबलावरच्या माणसाच्या प्रेमात पडून हातातल्या फ्लास्कला विसरलेली. आणि फुटीच्या वहीत वर्षाकाठी नोंदी किती? अकरा. एका वर्षी तर सात. हे वाचून ज्याला संशय येत नाही त्यानं प्रयोगशाळेत कधी पाऊल टाकलेलं नाही, किंवा तो निधी समितीवर आहे.

या चमत्काराचे कर्ते तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत बसतात. कागदोपत्री त्यांचा हुद्दा 'काच तंत्रज्ञ'. बाकी सगळ्या जगाला ते फुंकरकाका. बुटके, गाल किंचित सैल झालेले, बोटांच्या टोकांना चटके बसून बसून कातडं निबर झालेलं. खोलीत एक लांब टेबल, त्याच्यावर गॅसचा बर्नर, भिंतीशी काचेच्या नळ्यांचे गठ्ठे, आणि कोपऱ्यात एक छोटी विजेची भट्टी. जोडलेली काच त्या भट्टीत ठेवून अगदी सावकाश थंड करावी लागते. घाई केली तर आत ताण राहतो, आणि दिसायला धडधाकट वस्तू आठवड्यानं कपाटात आपोआप तडकते. काका म्हणायचे, "माणसासारखंच आहे. वरून थंड झालं म्हणजे आतून झालं असं नाही."

विभागाचा नियम कडक होता. काही फुटलं की फुटीची चिठ्ठी भरायची: वस्तू, तारीख, कशी फुटली, नाव, सही. मग कार्यालयात जाऊन दंड भरायचा. चिठ्ठी जुनीच, पण दंडाचा नियम विभागप्रमुख बाईंनी केलेला. बाई इतक्या शिस्तीच्या की त्या व्हरांड्यातून निघाल्या की आम्ही आधी केस आणि मग उरलीसुरली अक्कल बांधून घ्यायचो.

मी पहिल्या वर्षाला होते तेव्हा दुसऱ्याच आठवड्यात कंडेन्सर फोडला. वाफ थंड करणाऱ्या या काचेच्या उपकरणाला पाणी आत घ्यायची एक छोटी नळी असते. तिच्यावर रबरी नळी चढवताना मी जोर लावला आणि कट्! दंड ऐकून मला घाम फुटला, कारण तेवढ्यात माझं महिन्याचं जेवण व्हायचं आणि घरी मागायची सोय नव्हती. वरच्या वर्गातली एक मुलगी हळूच म्हणाली, "चिठ्ठी भरू नकोस. जिन्याखाली जा."

मी दोन्ही तुकडे ओढणीत गुंडाळून खाली गेले आणि दारातच रडायला लागले. काकांनी तुकडे हातात घेतले, उजेडात फिरवले.

"कोरडी घातलीस ना रबरी नळी?"

"हो."

"आधी पाण्यात बुडवायची, मग फिरवत फिरवत चढवायची. सगळे कोरडीच घालतात. आणि आता ते डोळे पूस. काच रडून जुळत नाही, तापवून जुळते. परवा दुपारी ये."

नाव विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी गेले तर कंडेन्सर अख्खा. जोड कुठे होता ते मला, म्हणजे तो मोडणाऱ्या बाईलाच, सापडेना. काकांनी तो कागदात गुंडाळून दिला आणि म्हणाले, "मागच्या कपाटात, डावीकडून चौथा." एवढंच. पस्तीस वर्षं हा असा कारभार चालू होता; चिठ्ठी नाही, नोंद नाही, बोभाटा नाही. एका हाताचं दुसऱ्या हाताला कळत नव्हतं, मग वहीला कुठून कळणार?

पुढे मी तिथेच शिकवायला लागले. आणि तो कंडेन्सर फुटल्याला चौदा वर्षं झाली तेव्हा नवं धोरण आलं.

धोरणावरून आमच्या शिक्षकांच्या खोलीत जे रण माजलं ते सांगायला गेलं तर दिवस पुरायचा नाही. सरकार म्हणत होतं, विद्यापीठांना निधी मिळेल तो कामाच्या पुराव्यावर. जे नोंदीत आहे तेच काम. इतिहासाचे सर म्हणाले, "मी एका मुलाला शिक्षण सोडण्यापासून परावृत्त केलं, त्याची पावती कुठे फाडू?" अर्थशास्त्राच्या बाई म्हणाल्या, "सर, पैसा लोकांचा आहे, लोकांनी हिशेब मागितला तर रागवायचं काय कारण?" दोघांचंही मला पटत होतं, त्यामुळे मी दोघांवरही चिडले. चहा गार झाला, वाद गरमच राहिला, आणि शेवटी एक समिती नेमली गेली. सगळ्यांत धाकटी म्हणून इतिवृत्त लिहायला मला बसवलं.

समितीत विभागप्रमुख बाईंसोबत वित्त अधिकारी होते. त्यांना आम्ही पाठीमागे 'कात्री' म्हणायचो, पण खरं सांगायचं तर माणूस वाईट नव्हता. मुलींच्या वसतिगृहाचं गळकं छत त्यांनीच भांडून दुरुस्त करून घेतलं होतं. पैसा थोडा आणि हात पसरणारे फार, हे त्यांचं दुखणं. त्यांनी फुटीची वही उघडली आणि शांतपणे विचारलं, "वर्षाला अकरा वस्तू. अकरा वस्तूंसाठी एक माणूस, एक खोली, गॅस, भट्टी? आपण बाहेरून नव्या घेऊ शकतो की नाही?"

विभागप्रमुख बाई टेबलाकडे बघत राहिल्या. काकांची निवृत्ती दोन वर्षांवर आली होती. हे काम हातात बसायला दोन वर्षं लागतात, म्हणून आपल्या हाताखाली शिकायला कुणीतरी द्या, असा अर्ज त्यांनी चार वेळा केला होता. आता देणार तर आताच. समितीचं मत पडलं ते असं: शिकाऊ जागा देऊ नये, काका निवृत्त झाले की पद रद्द करावं, खोलीत जुन्या खुर्च्या ठेवाव्यात. पुढच्या बैठकीत शिक्कामोर्तब. मी ते माझ्या हातानं लिहिलं, आणि लिहिताना मला त्या वहीची आणि माझी स्वतःची मनापासून लाज वाटली. त्या वहीत एक नोंद माझी असायला हवी होती.

मी आधी पुरावा शोधायला गेले. सगळी कपाटं उघडली, तीनशेच्या वर वस्तू खिडकीशी नेऊन उजेडात फिरवल्या. जोड एकही दिसला नाही. माझा स्वतःचा कंडेन्सरही ओळखू आला नाही. काका इतकं चांगलं काम करून बसले होते की ते केल्याचं सिद्धच होत नव्हतं.

रविवारी सकाळी त्यांच्या घरी गेले. काकूंनी स्टीलच्या पेल्यात चहा दिला. त्या घरात काचेची एकही वस्तू नाही. पेले स्टीलचे, बरण्या प्लॅस्टिकच्या, आरसासुद्धा तळहाताएवढा. काकू म्हणाल्या, "लग्नात काचेचा सेट आला होता. यांनी बहिणीला देऊन टाकला. म्हणाले, घरी तरी मला कशाची धास्ती नको."

मी काकांना म्हटलं, "तुम्ही फक्त समितीसमोर येऊन सांगा. कुणाकुणाचं काय जोडलंत, अंदाजे."

"नाही."

"काका, खोली जाईल."

"जाऊ दे." मग पेला खाली ठेवून म्हणाले, "जाऊ दे कसली, जीव तुटतो माझा. माझ्यामागे ती भट्टी कुणी पेटवणार नाही, या विचारानं मला झोप लागत नाही. पण पोरं विश्वासानं आली होती. मी कुणाचं नाव विचारलं नाही, आता चुगली करू? त्यापेक्षा खुर्च्या ठेवा."

मी वाद घातला, आवाज चढवला, तुमच्यापासून कशाला लपवू, रडलेसुद्धा. काका हलले नाहीत. मी चपला घालत असताना काकू दारापर्यंत आल्या आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "ते नाव घेणार नाहीत, बाई. पण ज्याचं नाव आहे त्यानं आपणहून घेतलं, तर हे कोण अडवणारे?"

आतून काका ओरडले, "काय सांगतेस तिला?"

"दार नीट लाव म्हणतेय," काकू म्हणाल्या.

सोमवारी मी कार्यालयातून कोऱ्या फुटीच्या चिठ्ठ्यांचं एक पॅड उचललं आणि पहिली चिठ्ठी भरली. वस्तू: कंडेन्सर. तारीख: चौदा वर्षांपूर्वीची. कशी फुटली: रबरी नळी कोरडी घातली. दुरुस्ती: जिन्याखाली. खाली नाव आणि सही. तिचा फोटो काढून मी जुन्या विद्यार्थ्यांच्या गटावर टाकला आणि सोबत एकच ओळ लिहिली: 'काकांची खोली बंद होते आहे. तुम्ही काय फोडलं होतं?'

दोन दिवस कुणाचं काही नाही. तिसऱ्या दिवशी बांध फुटला. टपालानं, फोनवर, हातोहात, चिठ्ठ्यांचा पूर. एका शल्यविशारदानं लिहिलं, 'तीन फ्लास्क. आता माणसं शिवतो, तेव्हा सावकाश थंड होऊ द्यायचं हे काकांचं आठवतं.' एका शाळाशिक्षिकेनं लिहिलं, 'एक ब्युरेट. आळ मी टेबलावरच्या जोडीदारावर घातला होता. आता तो माझा नवरा आहे. कृपया त्याला कळवू नये.' एकानं नुसतं लिहिलं, 'काय फोडलं नाही ते विचारा.' एका बाईंची चिठ्ठी मी दोनदा वाचली: 'दंड भरावा लागला असता तर त्या दिवशी मी घरी परत गेले असते आणि कायमचीच गेले असते.' नऊ दिवसांत दोनशे बारा चिठ्ठ्या आल्या.

बैठकीत मी इतिवृत्ताची वही बाजूला सारली आणि गठ्ठा टेबलावर ठेवला. वित्त अधिकाऱ्यांनी एकेक चिठ्ठी वाचायला घेतली. वाचता वाचता ते एकदा हसले, एकदा त्यांनी चष्मा पुसला, आणि मग सवयीनं कपाळाला आठी घालून म्हणाले, "म्हणजे दोनशे बारा जणांनी नियम मोडला. नियमाप्रमाणे या सगळ्यांकडून दंड वसूल करायला हवा."

मला वाटलं, झालं, मी काकांनाही बुडवलं आणि पोरांनाही.

"करा," विभागप्रमुख बाई म्हणाल्या. त्यांनी पर्समधून चौपदरी घडी घातलेला एक कागद काढला आणि गठ्ठ्यावर ठेवला. "माझ्यापासून सुरुवात करा. व्हॅक्यूमचा फ्लास्क, मोठा. मी प्रमुख झाले त्याच वर्षी. नियम करून मला चारच महिने झाले होते, कुठल्या तोंडानं चिठ्ठी भरणार होते?"

वित्त अधिकाऱ्यांनी ती घडी उघडून वाचली. मग म्हणाले, "मला कुणी हे आधी दाखवलं असतं तर मी विचारलंच नसतं हो. मला दिसतं ते कागदावरचं." त्यांचंही खरं होतं. शिकाऊ जागा मंजूर झाली, याच महिन्यापासून, आणि पद कायम राहिलं. शिवाय बाईंनी स्वतःचाच नियम बदलला: चिठ्ठी भरायची, पण जी वस्तू जोडता येईल तिचा दंड नाही.

मी धावत जिन्याखाली गेले. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि बर्नर पेटवून माझ्याकडे पाठ केली. "माझी पोरं चव्हाट्यावर आणलीस," एवढंच म्हणाले. पुढचे आठ दिवस एक शब्द नाही. मी चहा नेला, गार झाला. मी नमस्कार केला, ते नळी मोजत राहिले. जागा मिळवून मी माणूस घालवला की काय, असं मला खरंच वाटायला लागलं.

नवव्या दिवशी माझ्या टेबलावर एक फुटीची चिठ्ठी होती. अक्षर वाकडंतिकडं, निबर बोटांचं.

वस्तू: मोठा कंडेन्सर, परदेशातून आलेला, विभागात एकच. तारीख: नोकरीचा पहिला दिवस. कशी फुटली: हात थरथरत होते. दुरुस्ती: आधीच्या काकांनी केली. नाव विचारलं नाही. कुणाला सांगितलं नाही. मी त्यांना सांगायचो की एकदा चिठ्ठी भरतो, ते म्हणायचे राहू दे.

खाली काकांचं पूर्ण नाव आणि सही होती. ते नाव मी चौदा वर्षांत पहिल्यांदा वाचलं.

मी चिठ्ठी गठ्ठ्यात सगळ्यांत वर लावली आणि खाली गेले. काका नव्या शिकाऊ मुलीला रबरी नळी पाण्यात बुडवायला शिकवत होते. मान वर न करता म्हणाले, "चहा आण. आणि गार करून आणू नकोस."