जाळीपलीकडची पाहुणी

बसस्थानकावर रोज ये-जा करणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ताईंना पाहिलं होतं, पण त्यांचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा होता. 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे' एवढं ऐकलं की बाकावर पेंगणारा माणूससुद्धा खडबडून जागा व्हायचा आणि पिशव्या गोळा करायला लागायचा. काचेच्या एका लहानशा खोलीत, समोर वेळापत्रक आणि शेजारी गरम पाण्याचा थर्मास ठेवून, ताईंनी आख्खी नोकरी काढली. ड्रायव्हर-कंडक्टर मंडळी त्यांना 'भोंगाताई' म्हणायची. तोंडावरही म्हणायची, आणि ताई हसायच्या.

ती काचेची खोली त्यांना मानवली होती. लहानपणापासून दमा. धूळ, धूर, लोकर, मांजराचे केस, काहीही नाकात गेलं की छातीत शिट्टी वाजायला लागायची. दोनदा लग्न जमत आलं होतं आणि दोन्ही वेळा 'मुलीला दमा आहे' एवढ्यावरून मोडलं. पुढे त्यांनी तो विषयच कुणाला काढू दिला नाही.

मग स्थानकावर यंत्र आलं. कुणा दुसरीचा रेकॉर्ड केलेला गोड आवाज गाड्या सोडायला लागला, आणि ताई निवृत्तीच्या थोड्या आधीच घरी येऊन बसल्या. घरात त्या आणि धाकटा भाऊ, दोघंच. भाऊ सोफे दुरुस्त करायचा. घराच्या मागे त्याची पत्र्याची शेड होती, आणि शेड आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये फरशीचं अंगण. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला बारीक जाळीचं दुसरं दार लावलेलं होतं, म्हणजे वारा यावा पण शेडमधला भुगा येऊ नये. भाऊसुद्धा अंगणातल्या नळावर हातपाय धुऊन, कपडे झटकूनच आत यायचा.

"जन्मभर बोलायची सवय, आणि आता ऐकायला या भिंती," ताई म्हणायच्या.

"मग सांग की भिंतींना, कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागलीय ते." भावाच्या ओठांत दिवसभर बारीक खिळे धरलेले असत, त्यामुळे त्याचं बोलणं मोजकंच, पण बसायचं ते नेमकं डोक्यावर.

तर एका सकाळी हाच भाऊ तोंडातले खिळे हातावर काढून जाळीपाशी आला.

"ताई, त्या तपकिरी सोफ्यात कुणीतरी आहे."

दुरुस्तीला आलेला एक जुनाट सोफा शेडमध्ये जागा नव्हती म्हणून अंगणात ठेवलेला होता. त्याचं खालचं कापड फाटलेलं होतं. तिथून आत शिरून एक मातकट रंगाची कुत्री स्प्रिंगांच्या मध्ये अंग चोरून बसली होती. आधी वास आला, मग भावाला तिची मान दिसली. कुणीतरी ती पिल्लू असताना तिच्या गळ्यात तारेचा फास अडकवला असणार. कुत्री वाढली, तार काही वाढली नाही. ती आता मांसात रुतून बसली होती.

भावानं फोन केला तशी जनावरांची डॉक्टरीण आली. गुंगीचं इंजेक्शन देऊन कुत्रीला घेऊन गेली, तार कापून काढली, टाके घातले आणि काही दिवसांनी तिला घेऊन परत दारात उभी राहिली.

"दवाखान्यात पाय ठेवायला जागा नाही. जखम भरेपर्यंत इथे ठेवता का? मग हिला चांगलं घर बघू."

भावानं ताईंकडे पाहिलं. नाही म्हणायला कारण शोधायचीही गरज नव्हती. ते त्यांच्या छातीतच होतं.

"राहू दे अंगणात," ताई म्हणाल्या. "मी जाळीच्या आत, ती जाळीच्या बाहेर. ती माझ्याकडे यायची नाही, मी तिच्याकडे जायची नाही. असा शेजार शोधून सापडायचा नाही."

"नाव काय ठेवायचं?" डॉक्टरणीनं विचारलं.

"चार दिवसांची पाहुणी आहे," भाऊ म्हणाला. "आणि पाहुण्यांना नावं ठेवू नयेत."

झालं, तिचं नाव पाहुणीच पडलं.

मानेची जखम बघता बघता भरत आली. भीती मात्र जागची हलेना. भावानं वाटी पुढे केली की ती फरशीला चिकटायची आणि तिथेच मुतायची. एकदा त्यानं सहज डोकं खाजवायला हात वर नेला, तर ती अशी किंचाळली की शेजारीण खिडकीत आली. बिचारा भाऊ! त्या दिवशी तो जेवताना म्हणाला, "आपले हात आपल्यालाच वाईट वाटायला लागलेत."

डॉक्टरीण टाके काढायला आली तेव्हा तिनं हे सगळं ऐकून घेतलं. "जखमेचं मी बघितलं. हे माझ्या हातातलं नाही. हिला नुसतं जवळ बसणारं माणूस हवंय. हात न लावणारं. आणि माणसांना नेमकं तेच जमत नाही, कुत्रं दिसलं की हात शिवशिवतात."

जाळीच्या आतून ताई म्हणाल्या, "ते मला जमेल. दुसरं काही जमण्यासारखंच नाहीये."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी स्वयंपाकघरातली खुर्ची जाळीच्या दाराशी ओढली. भाजी निवडायची ती तिथे, पेपर वाचायचा तो तिथे. आणि बोलायचं. भाजी महाग झाल्याचं सांगून झालं, गुडघ्याचं सांगून झालं, भावानं न केलेल्या लग्नाबद्दलही सांगून झालं. सोफ्याखालून फक्त दोन डोळे चमकायचे. एका दुपारी ताईंचे सगळे विषय संपले, तेव्हा त्यांच्या तोंडून आपोआप जुनं निघालं. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. फलाट क्रमांक चारवर लागलेली गाडी थोड्याच वेळात सुटत आहे."

सोफ्याखालून एक कान बाहेर आला.

त्या दिवसापासून ताईंनी कुत्रीसमोर गाड्या सोडायला सुरुवात केली. जलद गाड्या, मुक्कामाच्या गाड्या, उशिरानं धावणाऱ्या गाड्या. उशिराबद्दल दिलगिरीसुद्धा. पाहुणी आधी सोफ्याच्या बाहेर आली, मग नळापर्यंत, मग जाळीच्या दाराखालच्या तुळतुळीत झालेल्या पायरीपर्यंत. ताई जागच्या हलायच्या नाहीत. हात मांडीवर, पालथे.

एकदा दुपारी बोलता बोलता त्यांचा डोळा लागला. जाग आली तेव्हा जाळी आतल्या बाजूला किंचित फुगलेली होती. पाहुणी जाळीला पाठ टेकून गाढ झोपली होती. तिचे मातकट केस जाळीच्या भोकांतून आत आले होते आणि श्वासाबरोबर हलत होते. ताईंनी बोट जवळ नेलं. लावलं नाही. बोटाला नुसती ऊब लागली.

आयुष्यात कुणी आपण होऊन येऊन त्यांना असं टेकलं नव्हतं. त्या श्वास रोखून बसून राहिल्या. आणि मग छातीत शिट्टी वाजायला लागली. उठल्या, दम्याचा पंप ओढला, आणि परत येऊन खुर्ची जरा मागे घेऊन बसल्या.

आता तिला हातांची सवय करायची होती. ते काम भावाचं. तो उकडलेलं अंडं तळहातावर ठेवून अंगणात उकिडवा बसायचा, आणि आतून ताईंचा आवाज यायचा: "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. फलाट क्रमांक एकवर अंडं आलेलं आहे. घाई करू नये, अंडं सुटणार नाही." भावाला हसू आवरायचं नाही आणि अंडं गडगडत नळापाशी जायचं. पण ज्या दिवशी पाहुणीनं त्याच्या हातावरचं अंडं खाल्लं आणि वर हातही चाटला, त्या दिवशी तो बराच वेळ तसाच बसून राहिला. हात धुवायलाही उठला नाही.

डॉक्टरणीनं घर शोधायला घेतलं. पहिलं कुटुंब आलं ते चांगलं खातंपितं, हसतमुख. घरच्या कर्त्या माणसानं "ये ये ये" करत वाकून वरून तिच्या डोक्यावर हात ठेवला. पाहुणी पुन्हा सोफ्याच्या पोटात.

"नाही जमायचं," ताई आतून म्हणाल्या.

माणसं गेल्यावर भाऊ म्हणाला, "वाईट नव्हती गं माणसं. चार-दोन खेपा आली असती तर शिकली असती."

"वाईट नव्हतीच."

"मग?"

ताई भाजी चिरत राहिल्या. पाहुणी सोफ्यात शिरली तेव्हा आपल्याला बरं वाटलं होतं, हे त्यांना ठाऊक होतं. भावालाही कळलं असावं. तो एवढंच म्हणाला, "पंप लवकर लवकर संपायला लागलाय तुझा. मी बघतोय बरं का."

पुढच्या खेपेला ताईंनी डॉक्टरणीला विचारलंच. रोज आंघोळ घातली तर? अंगणातच कायमची ठेवली तर? मी आत, ती बाहेर, चाललंय की आमचं!

डॉक्टरीण पायरीवर बसली. "थंडीत तुम्ही हे आतलं दार बंद करून घेता ना? मग ही बाहेर कुणाला टेकणार? ताई, ती जाळीला टेकून झोपते म्हणजे तिला आत यायचंय. तिला उघडणारं दार हवंय."

ताईंना पटलं. पटलेलं गळ्याखाली उतरायला मात्र वेळ लागला.

मग रोपवाटिका चालवणारी एक बाई आली. नखांत माती, पायात रबरी बूट. तिनं कुत्रीकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ फरशीवर बसली आणि जाळीतून ताईंशी गप्पा मारायला लागली: गुलाबावर कीड कशी पडते, नवरा रोपांना पाणी घालतो की बुडवतो, वगैरे. पाहुणी मागून आली आणि तिच्या बुटांचा खूप वेळ वास घेत राहिली. बाई बोलतच राहिली. निघताना म्हणाली, "पुन्हा येते." आणि खरंच येत राहिली. एका दिवशी ती निघाली तेव्हा पाहुणी फाटकापर्यंत तिच्या मागे गेली. ताईंनी ते जाळीतून पाहिलं आणि त्याच संध्याकाळी डॉक्टरणीला आपणहून होकार कळवला.

न्यायच्या दिवशी सकाळी पट्टा बांधायचा होता. ती बाई आणि भाऊ अंगणात उभे होते. तेवढ्यात जाळीचं दार उघडलं. ताई तोंडाला ओला रुमाल बांधून बाहेर आल्या.

"ताई! अगं वेड लागलंय का तुला?"

"गप्प बस. दोन मिनिटं."

त्या पायरीवर बसल्या. पाहुणी गोंधळली. आवाज नेहमीचा, पण मध्ये जाळी नाही! तिनं ताईंची पावलं हुंगली, गुडघे हुंगले, मग रुमालाखालून येणारा श्वास हुंगला. ताईंनी हात पुढे केला, वरून नाही, हनुवटीखालून. मानेभोवती तारेच्या जागी बिनकेसांचं गुळगुळीत कडं उरलं होतं. त्यावरून त्यांनी अंगठा फिरवला. पट्टा सैल बांधला, आत दोन बोटं जातात का ते बघितलं. पाहुणीनं सगळा भार त्यांच्या गुडघ्यांवर टाकला आणि एक लांब उसासा सोडला.

दोन मिनिटं कधीच होऊन गेली होती.

ती गेल्यावर ताईंची छाती अशी भरून आली की डॉक्टरकडे न्यावं लागलं, वाफ घ्यावी लागली. भाऊ रागानं दोन दिवस बोलला नाही. नुसतं पातळ भाताचं ताट आणून समोर आदळायचा.

"असू दे रे," ताई धापा टाकत म्हणाल्या. "एकदा तरी हात लावला."

त्यानंतरचं ताट त्यानं अलगद खाली ठेवलं.

मग नुसतं अंगण उरलं. तपकिरी सोफा नवं कापड लेवून मालकाच्या घरी गेला. ताईंनी खुर्ची जाळीपाशीच ठेवली होती, पण बोलायला जीभ उचलेना. रिकाम्या फलाटावर कोण गाडी सोडणार!

रोपवाटिकेच्या बाईचा फोन आला. सुरुवातीला खात नव्हती, आता खाते. कुंड्यांच्या मध्ये झोपते. नवऱ्याच्या हातून बिस्किट घेते.

"एक सांगू का ताई? संध्याकाळ झाली की ती आमच्या मागच्या दाराशी जाऊन बसते. आमच्याही दाराला जाळी आहे. कान टवकारून बसते बघा. आत्ताही बसलीय. तुम्ही बोलता का? मी फोन तिच्या कानाशी धरते."

ताईंनी तोंड उघडलं. 'प्रवाशांनी' हा शब्द अगदी जिभेच्या टोकावर आला होता. फोनमधून दूरवर कुत्रीनं कान झटकल्याचा फडफड आवाज आला.

"नको," त्या म्हणाल्या. "माझा आवाज आला की ती मला शोधत बसेल. आणि मी कुठली सापडायला तिथे? तुम्ही बोला तिच्याशी. दार उघडा, शेजारी बसा आणि बोला."

"काय बोलू?"

"काहीही. कुठलं रोप कुठे ठेवलंय ते सांगा. तिला सगळं चालतं."

पलीकडे दाराची कडी निघाल्याचा आवाज आला. मग बाईचा आवाज, फोनपासून लांब गेलेला, कुंड्यांबद्दल काहीतरी सांगणारा. ती फोन बंद करायला विसरली होती. ताई ऐकत राहिल्या, पलीकडून कुणाच्या तरी लक्षात येईपर्यंत.

नंतरही अधूनमधून फोन यायचा. थंडी संपता संपता आलेल्या एका फोनमध्ये बाई आनंदानं म्हणाली, "आता नाही हो बसत ती दाराशी. संध्याकाळी आमच्या पायात असते. विसरली बघा सगळं!"

"छान झालं," ताई म्हणाल्या. मनापासून म्हणाल्या. मग फोन ठेवून मोरीत गेल्या आणि नळ सोडून बराच वेळ तोंड धूत राहिल्या.

भाऊ हातपाय धुऊन आत आला तेव्हा त्या खुर्चीवर बसल्या होत्या. तो जरा घुटमळला. "डॉक्टरीण विचारत होती. एक म्हातारा कुत्रा आलाय तिच्याकडे, डोळ्यांनी अधू. थोडे दिवस अंगणात ठेवता का, म्हणाली."

ताईंनी जाळीकडे पाहिलं. पाहुणी टेकायची तिथे जाळी अजून थोडी आत दबलेली होती.

"ठेवू," त्या म्हणाल्या. "पण डॉक्टरणीला लगेच नको सांगूस. थोडे दिवस ही जागा तशीच राहू दे."