पंखाचा धडा

दर रविवारी सकाळी अकोट्यापलीकडच्या मोकळ्या मैदानावर तीन शहाणे जमतात आणि विमान हवेत का राहतं यावर भांडतात. खरी विमानं नव्हेत हो, थर्माकोलची, रिमोटवर उडणारी. त्यातले एक आमचे हे. ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून नागरवाड्यातून ह्यांना स्कूटरवर मागे बसवून, मांडीवरच्या विमानासकट तिथे पोचवायचं काम माझ्याकडे आलं. म्हणून हा तमाशा मला फुकटात बघायला मिळतो.

ह्यांचा जन्म रेल्वेत गेला. ह्यांचं शास्त्र एका वाक्याचं. "पंख हवेला खाली ढकलतो, हवा पंखाला वर ढकलते. संपलं!" पुढे काही विचारलं की तेच वाक्य, फक्त मोठ्याने. दुसरे दातांचे डॉक्टर, गुजराती. पेशंटच्या तोंडात हात घालून एकट्यानेच बोलायची सवय, ती रविवारीही सुटत नाही. दर आठवड्याला नवा व्हिडिओ बघून येतात आणि मागच्या आठवड्याचं स्वतःचंच मत खोडून काढतात. तिसरा माझा जुना विद्यार्थी. आता एका कारखान्यात इंजिनिअर आहे, केस पिकलेत, तरी मला बघितलं की हातातला रिमोट खाली ठेवतो. त्याचं म्हणणं असं, की पंख वरून फुगीर, म्हणून वरच्या हवेला लांबचा रस्ता. खालच्या हवेला मागच्या टोकाशी गाठायचं तर तिला पळावं लागतं. पळणाऱ्या हवेचा दाब कमी, म्हणून पंख वर उचलला जातो. "बाईंनीच शिकवलंय," असं म्हणून तो माझ्याकडे बोट दाखवतो.

ह्या मंडळींचा एक नियम आहे. ज्याचं विमान पडेल त्याने सगळ्यांना सेव-उसळ खिलवायची आणि विमान का पडलं ते सांगायचं. आजवर सेव-उसळ पुष्कळ खाल्ली, पण "माझा हात चुकला" असं एकाच्याही तोंडून ऐकलं नाही. वारा फिरतो, बॅटरी बसते, एकदा तर कुत्रं भुंकलं म्हणून पडलं.

त्या रविवारी विद्यार्थ्याने एक मोठा तक्ता आणला. शाळेतल्या प्रदर्शनात मुलांना समजावून सांगायला जाणार होता. हवेच्या दोन कणांना नाक-डोळे काढले होते. पंखाच्या पुढे दोघं वेगळे होतात आणि मागे येऊन हात धरतात. "बाई, एकदा नजर टाका ना."

 ते चूक आहे, हे मला ठाऊक होतं. निवृत्त झाल्यावर कुठेतरी वाचलं होतं, की वरची हवा खालचीसाठी थांबतबिंबत नाही, तिच्या आधीच पुढे निघून जाते. अठ्ठावीस वर्षं मी ती गाठभेट फळ्यावर काढली होती. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं, ह्यांना तर मुळीच नाही.

डॉक्टर तक्ता बघून खो खो हसले. "अरे, जुओ! बघा!" म्हणत त्यांनी आपलं विमान सोडलं, वर नेलं आणि पाठीवर उलटं केलं. पंखाचा फुगीर भाग खाली, आणि विमान आमच्या डोक्यावरून खुशाल घिरट्या घालतंय.

"मोटरच्या जोरावर चाललंय ते," विद्यार्थी म्हणाला.

"मी काय सांगत होतो!" हे ओरडले. ह्यांनी तसलं काहीएक सांगितलं नव्हतं.

डॉक्टर आमचे चेहरे बघण्यात गुंग झाले. विमान खाली येऊ लागलं तशी त्यांनी सवयीने रिमोटची दांडी मागे ओढली. सरळ विमान तसं केल्याने वर चढतं, उलटं असलं की जमिनीकडे झेपावतं. गेलं सरळ बाभळीत. "वारा फिरला," डॉक्टर म्हणाले. पान हलत नव्हतं.

विद्यार्थी तक्ता गुंडाळायला लागला. "बाई, बरोबर आहे ना? उद्या लावायचाय."

छान काढलायस, एवढं म्हटलं असतं तर निभावलं असतं. पण उद्या त्या कणांपुढे पोरं उभी राहणार, वह्यांत उतरवून घेणार.

"नाही रे," मी म्हटलं. "चूक आहे. मीच तुम्हाला चुकीचं शिकवलं." आणि वरच्या हवेचं खरं काय ते सांगितलं.

"म्हणजे माझंच बरोबर!" ह्यांना कोण आनंद.

"तुम्ही गप्प बसा हो!"

विद्यार्थी वाद घालेल असं वाटलं होतं. तो तक्ता हातात धरून उभा राहिला. "बाई, विमान उलटं झालं तर मग कसं उडतं, हे मी नववीत तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, जास्त शहाणपणा नको, आणि तास संपेपर्यंत बाकावर उभं केलंत." तो हसतच सांगत होता, राग नव्हताच. "तेव्हापासून मी वर्गात विचारणंच सोडून दिलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो तास काही केल्या आठवेना. बाकावर उभी केलेली बाकीची पोरं कोण होती आणि ती काय विचारत होती, तेही आठवेना.