कॅसेटवरचं हसू

जुरोंग ईस्ट स्टेशनवर MRT मेट्रोमधून उतरले, तर शेजारी वेल्डिंग चालू होतं. त्या जळक्या लोखंडी वासाने मला थेट ओसाकात नेलं, पीएचडीच्या दिवसांत.

माझ्या खोलीखालच्या बंद कारखान्यात हायाशी-सान स्वतःची छोटी रेकॉर्ड कंपनी चालवायचे. पत्रे, ग्राइंडर, वेल्डिंग यांच्या आवाजांतून घडवलेलं कर्कश संगीत. एके काळी त्यांच्या कॅसेट जर्मनीपर्यंत जायच्या. पुढे कॅसेटची दुकानं बंद पडली, कलाकार पांगले. कंपनीच्या शेवटच्या दिवशी मी खोकी बांधू लागायला गेले, तेव्हा त्यांनी एक कॅसेट लावली. घणाचे घाव, पत्र्याची घरघर आणि मध्येच एका बाईचं खळखळून हसणं.

"ही कोण?"

"माझी बायको. रेकॉर्डिंग चालू असताना चहा घेऊन आली. सगळे म्हणाले, हे काढून टाका. मी ठेवलं."

त्यांच्या पत्नी आदल्याच वर्षी वारल्या होत्या. हायाशी-सान डोळे मिटून ऐकत राहिले. मला वाटलं, बिचारे, एवढं उभारलं आणि हाती काय उरलं?

"आई, व्हॉट डिड आजी साउंड लाइक?" परवा लेकीने विचारलं. माझ्या आईचे फोटो ढीगभर आहेत, आवाज मात्र एकाही कॅसेटवर नाही. मी आईसारखं बोलून दाखवायला गेले, तर माझाच आवाज आला.