उजवीकडचा ढीग

विली गेल्याची बातमी मला हमरिया फ्री झोनच्या, म्हणजे करमुक्त गोदामांच्या वसाहतीच्या, गेटवर मिळाली, आणि नेमका तेव्हा मी त्याच्यावरच वैतागलेलो होतो. सकाळपासून फोन लावत होतो, पठ्ठ्या उचलत नव्हता. ऊन असं की माझी सावलीसुद्धा गाडीखाली जाऊन बसली होती. सिक्युरिटीवाला पास उलटासुलटा करून बघतोय, मागे ट्रकवाले हॉर्न देतायत, आणि तेवढ्यात स्क्रीनवर विलीचं नाव आलं. फोन उचलून मी पहिल्या दमात त्याच्या सगळ्या पिढ्यांचा उद्धार केला. पलीकडून त्याच्या मुलीचा बारीक आवाज आला. "अंकल, धिस इज शेरिल. डॅड इज नो मोर."

कामावर निघताना बूट घालायला खुर्चीवर बसला, तो उठलाच नाही. एक बूट पायात, एक हातात. मी गाडी वळवली. हमरिया ते अबुधाबीजवळचं मुसफ्फा, जिथे विलीचं घर, हे अंतर मी किती वेळात कापलं ते सांगत नाही, कारण माझ्या आकड्यांवर कुणी विश्वास ठेवत नाही आणि रस्त्यावरचे कॅमेरे ठेवतात. पोचलो तेव्हा त्याची बायको, फिलोवहिनी, दारातच उभ्या होत्या, आणि त्यांच्या हातात तो दुसरा बूट होता.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. मी एका जागी बसू शकत नाही. जेवताना उठतो, गाडी पार्क केली की नीट केली का म्हणून परत जाऊन बघतो, हे लिहितानाही खुर्ची मला चावते आहे. बायको म्हणते, डॉक्टरला दाखवा. डॉक्टरला काय दाखवू? मला जे दाखवायचंय ते मुसफ्फातल्या एका कुलूपबंद खोलीत टेबलावर पडलेलं आहे.

ते सांगायचं तर आधी विलीचा धंदा सांगायला हवा. विल्फ्रेड वसईचा. घरची केळीची वाडी, त्यामुळे अंगठ्यानं दाबून मालाची परीक्षा करणं रक्तातच. आमचं वर्कशॉप अबुधाबीबाहेरच्या एका शूटिंग क्लबच्या रायफली सांभाळतं. परवाने आहेत, शिक्के आहेत, वाचकांनी दचकू नये. मी परचेसमध्ये, म्हणजे माल आणायचा आणि भावावरून भांडायचं. विली तपासणीत, म्हणजे मी आणलेला माल नाकारायचा. आमची मैत्री अशी भांडणातून उभी राहिली. आणि सगळ्यात जास्त भांडण मॅगझिनांवरून. रायफलीच्या पोटाखाली गोळ्या भरून जो डबा अडकवतात, तो. लोकांना वाटतं रायफल महत्त्वाची. विली म्हणायचा, रायफल सहसा रुसत नाही, हा डबा रुसतो.

सुरुवातीला मी त्याच्यासमोर नवीकोरी मॅगझिनं ठेवली होती. कुठल्याशा नव्या कारखान्याची, काळीभोर, लग्नातल्या बुटांसारखी चकाकणारी. विलीनं एक उचललं, दोन बोटांनी कुशीत दाबलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी त्याला पत्र्याची करंजी खायला दिलीये. पत्रा दबला होता. जोडाच्या जागी वेल्डिंगचे ठिपके विरळ, मधल्या फटीतून उजेड येत होता. "जोशीबुवा, हे शोकेसमध्ये ठेव," म्हणाला. मग आम्ही जुन्या फौजी मालाकडे वळलो. कुठल्या कुठल्या देशांच्या सैन्यांनी वापरून टाकलेली, गोदामात वर्षानुवर्षं पडलेली पोलादी मॅगझिनं. मेणकागदात गुंडाळलेली, गुळाच्या काकवीसारख्या ग्रीसमध्ये बुडवलेली. वास असा की माझ्या नाकातले केस सरळ झाले आणि आठवडाभर तसेच राहिले.

पण जुनं म्हणजे आपोआप चांगलं, हेही विलीला मान्य नव्हतं. हमरियातल्या एका व्यापाऱ्याकडे आम्ही पहिल्यांदा गेलो तो दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही. व्यापारी गोड माणूस. हबीबी हबीबी करत खजूर पुढे केले, काव्हा, म्हणजे अरबी कॉफी, ओतला, पेटी उघडली. वरचा थर बघून मी हरखलो. तोंडाच्या कडा सरळ, कुठे पोचा नाही, रंगसुद्धा शाबूत. मी खिशातून पेन काढलं. विलीनं काय करावं? पेटी धरली आणि जमिनीवर पालथी केली! व्यापाऱ्याच्या हातातला खजूर हातातच राहिला. तळातून निघाली ती खरी मंडळी, गंजलेली, चेपलेली, एकाच्या पोटात तर स्प्रिंगच नव्हती. विली मला शांतपणे म्हणाला, "तू पुण्याचा ना रे? हापूसची पेटी कधी घेतली नाहीस?" व्यापाऱ्याला मराठी येत नव्हती, पण आंब्याचं गणित त्याला बरोबर समजलं. तो इतका हसला, इतका हसला, की गोदामाचं पत्र्याचं छप्पर थोडं वर उचललं गेलं. त्यानंतर आमच्यासाठी पेट्या आधीच पालथ्या करून ठेवलेल्या असायच्या.

निवडलेल्या मालावर विलीची पूजा सुरू व्हायची. आधी ग्रीस पूर्ण धुवायचं, कारण ग्रीसखाली गंजही लपतो आणि तडाही. मग वरचे दोन ओठ, म्हणजे जिथे गोळी अडून राहते त्या कडा. त्या जराशा फाकलेल्या असतील तर एकाच्या जागी दोन गोळ्या घुसतात. मग मागचा खटका झिजलाय का, रायफलीत घातल्यावर मॅगझिन डुलतं का. मग गोळ्या वर ढकलणारी आतली पट्टी अंगठ्यानं खाली दाबायची आणि सोडायची. ती न अडखळता, न कलता वर आली पाहिजे. आणि शेवटी ज्या रायफलीला लावायचं त्याच रायफलीत, आधी खोट्या गोळ्या, मग रेंजवर खऱ्या. "दुसऱ्याच्या बायकोच्या हाताला आलेली बांगडी आपल्या बायकोला येईल असं नाही," हे त्याचं म्हणणं. फिलोवहिनींसमोर मात्र हे वाक्य तो कधी बोलला नाही.

आणि एक परीक्षा होती ती त्याला आमच्या गोखल्यांमुळे करावी लागायची. गोखले आमचे स्टोअरकीपर, डोंबिवलीचे, अत्यंत धार्मिक. एका दसऱ्याला त्यांनी स्टोअरमधल्या सगळ्या अवजारांची पूजा मांडली. पाने, पक्कड, ड्रिल मशीन, आणि शस्त्रपूजा म्हटल्यावर विलीची धुऊन पुसून ठेवलेली मॅगझिनंसुद्धा. हळदकुंकू वाहिलं, तेलाचं बोट लावलं, आणि भक्तिभावानं मूठभर अक्षता टाकल्या. मॅगझिनांची तोंडं वर होती. पुढे रेंजवर जे झालं त्याला तोड नाही. आतली पट्टी अर्ध्यात अडकते, रायफल बंद, वाळवंटातली वाळू त्या तेलाला चिकटून तिचं पीठ झालेलं. रेंजचे प्रमुख खालिदसाहेब, निवृत्त फौजी माणूस, कमरेवर हात ठेवून उभे. विलीनं मॅगझिन उघडलं, चिमट्यानं तांदळाचा दाणा बाहेर काढला, उन्हात धरून बघितला आणि गंभीर चेहऱ्यानं रिपोर्ट दिला, "सर, बासमती." गोखले त्या दिवशी कुठे दिसले नाहीत. त्यानंतर विली प्रत्येक मॅगझिन कानापाशी धरून हलवायचा. गोखल्यांनी पुढच्या दसऱ्याला फक्त स्टेपलरची पूजा केली.

तर खालिदसाहेब. त्यांचा आमच्या कंपनीवर विश्वास नव्हता, माझ्यावर तर नव्हताच. मी एकदा त्यांना सांगितलं होतं की माझे आजोबा पोहत एका बेटावर गेले आणि येताना होडी खांद्यावर घेऊन आले. तेव्हापासून मी "गुड मॉर्निंग" म्हटलं तरी ते खिडकीबाहेर बघून खात्री करून घ्यायचे. त्यांना एकच गोष्ट चालायची. माल पोचला की फोनवर विचारायचे, "विल्फ्रेड ने पास किया?" हो म्हटलं की खलास, पुढचं काही बघायचे नाहीत. दुसऱ्या कुणाच्या सहीला तिथे किंमत नव्हती. विलीला याचं भारी ओझं वाटायचं. एकदा गाडीत मला म्हणाला होता, "तो माणूस बघत नाही ना, म्हणून मला दोनदा बघावं लागतं."

आता ती खोली. क्लबची मोठी स्पर्धा तोंडावर होती आणि तिच्यासाठीची शेवटची मॅगझिनं विली तपासत होता. मुसफ्फाच्या चर्चमध्ये प्रार्थना झाली, विली वसईला गेला, वहिनी आणि शेरिल त्याच्याबरोबर गेल्या. तिकडचं सगळं आटपून त्या परत येईपर्यंत वर्कशॉपमधली त्याची खोली उघडायचा मला धीर झाला नाही. उघडली तेव्हा टेबलावर दोन ढीग होते. एक डावीकडे, एक उजवीकडे. नापास माल विली तिथल्या तिथे व्हाइसच्या लोखंडी जबड्यात चेपून बादलीत टाकायचा, कुणी चुकून परत वापरू नये म्हणून. बादली भरलेली होती. म्हणजे टेबलावरचा एकही ढीग नापास नव्हता. मग दोन ढीग कशाला? चिठ्ठी नाही, खूण नाही, खडूची रेघसुद्धा नाही. खुणा तो करत नसे, त्याच्या डोक्यात असायचं सगळं, आणि डोकं तर...

मी फिलोवहिनींकडे गेलो. त्यांनी चहा दिला, मी तो उभ्यानंच प्यायलो. कामाचं घरी तो कधी बोलायचा नाही म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आदल्या संध्याकाळी एवढंच बोलले, एक ढीग उद्या परत लावून बघायचाय, मन मानत नाही. कुठला, ते मी विचारलं नाही, जोशीभाऊ. मला काय कळणार होतं..." शेरिल आतून म्हणाली, "ममा, इट्स ओके."

म्हणजे एक ढीग विलीनं पास केलेला, आणि एक त्याच्या मनाला न पटलेला. मी सगळी मॅगझिनं एकेक करून तपासली. ओठ बघितले, अंगठा दाबला, कानाशी हलवली, भिंगातून बघितली. दोन्हीकडची तितकीच चोख. माझ्या अंगठ्याला काही म्हणजे काही कळेना. आमच्या वर्कशॉपचे साहेब म्हणाले, सगळी चांगली आहेत ना, मग सगळी पाठवा. आणि तेवढ्यात खालिदसाहेबांचा फोन.

त्यांनी विलीबद्दल दोन शब्द विचारले, घरच्यांची चौकशी केली. मग तेच. "विल्फ्रेड ने पास किया?"

वाचकहो, माझ्या जिभेवर अख्खी गोष्ट तयार होती. कशी विलीनं मला आदल्या दिवशी बोलावलं, कसा डाव्या ढिगावर हात ठेवून म्हणाला की जोशीबुवा हे माझे, वगैरे. इतकी सुंदर गोष्ट मी आयुष्यात रचली नसेल. आणि या वेळी कुणी खोटं ठरवणारंही उरलं नव्हतं. पण ढीग चुकला असता, तर ऐन स्पर्धेत रायफल अडकली असती आणि रेंजवर सगळे म्हणाले असते, हे विल्फ्रेडनं पास केलेलं. तो उत्तर द्यायला नाही.

"मालूम नहीं, साहब," मी म्हणालो.

त्यांनी नक्की खिडकीबाहेर बघून खात्री केली असणार. मग म्हणाले, "तुम सच बोल रहे हो?" मी हो म्हटलं. "तो दोनों लेके आओ. यल्ला, चलो."

गेलो. खालिदसाहेबांनी स्वतः रायफल हातात घेतली. प्रत्येक मॅगझिन पूर्ण भरायचं, रिकामं करायचं, परत भरायचं. डावा ढीग गुळगुळीत चालला. उजवाही चालला. पहिली फेरी, दुसरी फेरी. मी येरझारा घालून वाळूत चर पाडला, त्यात पाणी सोडलं असतं तर बोट चालली असती. उजव्या ढिगातल्या एकानं तिसऱ्या फेरीत, उन्हानं चांगलं तापल्यावर, मान टाकली. गोळी तिरकी उभी राहिली. थंड करून भरलं, चाललं. तापलं, अडकलं. मग त्याच्या शेजारचं. मग आणखी एक. खालिदसाहेबांनी रायफल खाली ठेवली, अडकलेलं मॅगझिन काढून हातात फिरवलं, नखानं कड चाचपली आणि मला विचारलं, "इसको कैसे पता चला?"

मला काय माहीत? एसीच्या खोलीत बसून, नुसता अंगठा लावून, त्याला कसं कळलं? त्यांनी डावा ढीग ठेवून घेतला. स्पर्धेत एकही रायफल रुसली नाही. हे मात्र मी वाढवून सांगत नाहीये, खालिदसाहेबांना विचारा. त्यांनी मला निरोप धाडला, विल्फ्रेडच्या बीवीला सांग, पास.

मी सांगितलं. वहिनींनी खुर्ची पुढे सरकवली. मग म्हणाल्या, "बसा ना जरा, उभे का राहता सारखे?"

उजवा ढीग मी परत आणला. नियमाप्रमाणे तो चेपून बादलीत जायला हवा. आमचे साहेब रोज विचारतात, झाला का? मी सांगतो, कधीच झाला साहेब, असा चेपलाय की चपातीसारखा घडी करून ठेवता येईल. साहेब त्रिशूरचे आहेत, मराठी वाचत नाहीत, म्हणून इथे लिहितो. ढीग टेबलावरच आहे. दुपारी सगळे जेवायला गेले की मी कुलूप काढतो, एक मॅगझिन उचलतो आणि पट्टीवर अंगठा दाबतो. खाली जाते, वर येते. न अडखळता, न कलता. पुन्हा दाबतो. काहीच लागत नाही हाताला... मग ते होतं तिथेच ठेवतो आणि दुसरं घेतो.